दातात दोनशे अंश

गेल्या वर्षी माझ्या वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी पेनासारखं एक यंत्र हातात घेतलं. त्याचं धातूचं टोक दाभणाच्या अणीसारखं निमुळतं होतं. बाजूच्या लहानशा पडद्यावर आकडा होता : 200. "काका, आता जरा वास येईल, घाबरू नका," एवढं बोलून त्यांनी ते टोक दातात घातलं. बारीकसा 'स्स' आवाज झाला. मेण आणि रबर एकत्र तापल्यासारखा वास आला, त्याच्या मागोमाग लवंगेच्या तेलाचा. दोन-तीन सेकंदांत टोक बाहेर आलंही. त्या दिवशी भुलीचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं. तरीही मला जाणवला तो फक्त एक दाब.

पुऱ्या तळताना कढईतलं तेल साधारण 180 अंश सेल्सिअस असतं. म्हणजे माझ्या दातात गेलेलं टोक पुरीच्या तेलाहून गरम होतं, उकळत्या पाण्याच्या दुप्पट. दाताच्या त्या भिंतीपलीकडे, दोनेक मिलिमीटरवर, जिवंत हाड होतं. महिन्याभरापूर्वी याच दाताला साधा चहा सोसत नव्हता. घोट घेतला की कळ थेट कपाळात जायची आणि गार पाण्याची चूळ भरली की थोडं थांबायची. साठ अंशांच्या चहाने जीव कासावीस आणि दोनशे अंशांच्या धातूने काहीच नाही, हे कसं?

चहाच्या कळेचं उत्तर सोपं आहे. दाताच्या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ गर असतो, आपण त्याला 'नस' म्हणतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. भोवतीची भिंत टणक, सूज पसरायला जागा नाही. उष्णतेने दाब आणखी वाढतो आणि कळ येते. रूट कॅनालमध्ये तो गरच काढून टाकलेला असतो, त्यामुळे तक्रार करायला आत कुणी उरत नाही. पण दाताला जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू आणि त्यांच्या पलीकडचं हाड जिवंतच असतं. ते भाजत का नाही, हा खरा प्रश्न.

फुलबाजीची ठिणगी, फुलबाजीची तार

दिवाळीत फुलबाजी हातात धरली की ठिणग्या मनगटावर पडतात आणि मुलं हसतात. ती ठिणगी हजार अंशांच्या आसपास असते, तरी भाजत नाही. विझलेल्या फुलबाजीची तार मात्र पायाखाली आली तर तळव्याला फोड येतो, म्हणून तर पाण्याची बादली शेजारी ठेवायची. तार ठिणगीपेक्षा थंडच असते. फरक आहे तो साठ्याचा. ठिणगी म्हणजे धुळीच्या कणाएवढा ऐवज, त्यात मावणारी उष्णता नगण्य. तारेत वस्तुमान जास्त, त्यामुळे देण्यासारखी उष्णताही जास्त. तापमान म्हणजे वस्तू किती गरम आहे, आणि उष्णता म्हणजे ती दुसऱ्याला किती ऊर्जा देऊ शकते. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि दाताबद्दलची भीती नेमकी त्या घोटाळ्यातून येते.

थोडा हिशेब करू. पुढच्या दाताच्या मुळातली नळी भरायला साधारण तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचं भरण लागतं, म्हणजे सुमारे 25 मिलिग्रॅम. हे भरण 200 अंशांना तापवलं आणि शरीराच्या 37 अंशांपर्यंत निवू दिलं, तर त्यातून बाहेर पडणारी उष्णता जेमतेम एक कॅलरी. इथली कॅलरी म्हणजे भौतिकशास्त्रातली, एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवणारी. आहाराच्या तक्त्यातली कॅलरी हिच्या हजारपट मोठी. आता दाताचं मूळ अर्ध्या ग्रॅमचं धरा. ही सगळी कॅलरी मुळातच मुरली आणि बाहेर काहीच गेली नाही असं मानलं, तरी मुळाचं तापमान सहा-सात अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात भरण 200 अंशांपर्यंत पोचतही नाही आणि उष्णता बाहेर जात राहते, त्यामुळे वाढ याहून कमीच.

म्हणजे भरणाचा दाणा ही ठिणगी झाली. पण यंत्राचं टोक? ते बॅटरीला जोडलेलं आहे. जितका वेळ बटण दाबून ठेवाल तितका वेळ त्यातून उष्णता येतच राहणार. ती फुलबाजीची तार आहे. म्हणून पडद्यावरच्या 200 या आकड्यापेक्षा डॉक्टरांचं बोट बटणावर किती सेकंद आहे, हे जास्त महत्त्वाचं.

मुळात तापवायचं कशाला?

रूट कॅनाल म्हटलं की डोळ्यांसमोर सरळ नळी येते. प्रत्यक्षात दाताच्या मुळातली पोकळी एखाद्या जुन्या विहिरीसारखी असते. कुठे अंडाकृती, कुठे चपटी, मध्येच कोनाडा, कुठे दोन नळ्यांना जोडणारी अरुंद फट, आणि टोकाजवळ केसासारखे फाटे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हजारो काढलेल्या दातांच्या पोकळ्यांत रबर भरून ते कडक केलं, मग भोवतीचा दात विरघळवून टाकला. मागे उरली ती पोकळीची हुबेहूब प्रतिकृती. 1925 मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या पुस्तकातली ती चित्रं पाहिली तर दाताच्या मुळात नळी नाही, झाडाची मुळं आहेत असं वाटतं.

ही पोकळी स्वच्छ करून रिकामी सोडता येत नाही. रिकाम्या जागेत पाझर जमतो, उरलेसुरले जिवाणू त्यावर वाढतात आणि मुळाच्या टोकाशी गळू होतं. म्हणून ती गच्च बंद करायची. पण वेड्यावाकड्या जागेत सरळ काडी कशी बसणार? भेगाळलेल्या भिंतीत लाकडाची पाचर ठोकली तर ती दोन ठिकाणी टेकते आणि बाकीच्या फटी तशाच राहतात. तिथे लांबी भरावी लागते, बोटाने दाबली की कोपऱ्यात जाणारी. दाताच्या भरणाला उष्णता द्यायची ती याच कारणासाठी, त्याची लांबी व्हावी म्हणून.

समुद्राच्या तळातून दाताच्या मुळात

या भरणाचं नाव गट्टा-पर्चा. मलाया द्वीपकल्प आणि आसपासच्या बेटांवर वाढणाऱ्या एका झाडाचा हा वाळवलेला चीक. तिथले लोक गरम पाण्यात मऊ करून त्याच्या मुठी बनवत. 1840 च्या दशकात सिंगापूरमधले ब्रिटिश सर्जन विल्यम माँटगोमेरी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले आणि युरोपला या चिकाचं वेड लागलं. पाण्यात न कुजणारा आणि वीज न वाहू देणारा हा पदार्थ समुद्राखालच्या तारांसाठी सोन्यासारखा ठरला. 1870 मध्ये मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी जी तारायंत्राची केबल पडली, तिच्या तांब्यावरचं वेष्टण याच चिकाचं होतं. या मागणीपायी मलायातली झाडं बेसुमार तोडली गेली, कारण एका झाडातून चीक निघायचा थोडासाच. त्याच सुमाराला, 1867 मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईसचे दंतवैद्य बोमन यांनी हा चीक दाताच्या मुळात भरायला घेतला. दीडशे वर्षं होऊन गेली. केबलवर प्लॅस्टिक आलं, दातात गट्टा-पर्चा टिकून आहे.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने गट्टा-पर्चा हा रबराचा सख्खा भाऊ. दोन्हींत तेच मणी, तीच माळ. फरक एवढाच की रबराच्या माळेतले मणी एकाच बाजूला वळून जोडलेले असतात, त्यामुळे माळ गुंडाळली जाते आणि ताणली की परत येते. गट्टा-पर्चाची माळ आळीपाळीने दोन्ही बाजूंनी जोडलेली, म्हणून सरळसोट. सरळ माळा उसाच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि पदार्थ खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो. 42 ते 49 अंशांच्या दरम्यान ही रचना बदलू लागते, साठीच्या आसपास मोळ्या पूर्ण सुटतात आणि पदार्थ वाहता होतो. लक्षात घ्या, मऊ व्हायला त्याला साठ अंश पुरतात. दोनशेची गरज टोकाला आहे, कारण उष्णता झटपट द्यायची आहे.

दवाखान्यात दिसणारी गुलाबी-केशरी बारीक काडी शुद्ध चीक नसते. तिच्यात चिकाचं प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड, शिवाय एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून बेरियमसारख्या जड धातूंचे क्षार आणि थोडं मेण. भोवती सिमेंटचा पातळ थर लागतो. मला आलेला लवंगेचा वास त्या सिमेंटचा. काही प्रकारच्या सिमेंटात युजेनॉल असतं, आणि लवंगेच्या तेलाचा मुख्य घटकही तोच. दाढ दुखली की आजी लवंग धरायला सांगायची, तिचाच अर्क.

टोक आत गेल्यावर

गरम गट्टा-पर्चा थरांत दाबत भरण्याची पद्धत बॉस्टन विद्यापीठातल्या हर्बर्ट शिल्डर यांनी 1967 मध्ये मांडली. तेव्हा धातूची कांडी ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवत. तापमान किती ते डोळ्यांनी ठरवायचं आणि कांडी दातात पोचेपर्यंत ती किती निवली तेही अंदाजानेच. ज्योतीचा वारसा पूर्ण गेलेला नाही. दाताबाहेर डोकावणाऱ्या काड्या कापायला स्पिरिटच्या दिव्यावर हत्यार तापवणारे दवाखाने आपल्याकडे अजून आहेत. हे कापणं दाताच्या तोंडाशी, क्षणभरात होतं आणि मुळाशी त्याचा फारसा संबंध येत नाही.

विजेवर चालणारी यंत्रं आली तसा या कामाला घड्याळाचा हिशेब आला. अमेरिकेतल्या स्टीफन बुकॅनन यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत काम असं चालतं. काडी सिमेंट लावून मुळात बसवलेली असते. टोकाची जाडी अशी निवडतात की ते मुळाच्या शेवटापासून पाच-सात मिलिमीटर अलीकडे अडकेल. बटण दाबायचं, टोक एका दमात आत न्यायचं. हे सुमारे तीन सेकंदांचं काम. अडकण्याच्या जागेच्या जरा आधी बटण सोडायचं आणि निवणाऱ्या टोकानेच दाब देत पुढे सरकायचं. मग दहा सेकंद तसाच दाब धरून थांबायचं. शेवटी एक सेकंद उष्णतेचा झटका देऊन टोक सोडवायचं आणि बाहेर काढायचं.

त्या दहा सेकंदांचं कारण घरातल्या तुपाच्या बरणीत सापडेल. कढवलेलं तूप बरणीत ओतून ठेवलं की थिजताना मध्यभागी खळगा पडतो, कारण निवताना ते आकसतं. गट्टा-पर्चाही आकसतो. निवताना दाब दिला नाही तर भिंतीपासून सुटतो आणि जी फट बुजवायला हा सगळा खटाटोप केला, तीच पुन्हा उघडते. मला दातात जाणवलेला दाब हाच होता.

उष्णता किती खोल जाते? फारशी नाही. गट्टा-पर्चा उष्णतेचा मंद वाहक आहे. टोकाच्या पुढे चार-पाच मिलिमीटरपर्यंतच तो नीट मऊ होतो. शिवाय पडद्यावर 200 दिसलं म्हणजे धातू प्रत्यक्षात 200 अंशांवर असतोच असं नाही. मोजमापांत या टोकांचं खरं तापमान दाखवलेल्या आकड्याहून बरंच कमी आढळलं आहे.

भिंत किती जाड आहे?

आता उष्णतेचा प्रवास पाहू. नळीपासून हाडापर्यंत मध्ये आहे दंतिन, दाताचा मुख्य पदार्थ. उन्हाळ्यात कोकणातल्या चिऱ्याच्या घरात दुपारी शिरलं की गार वाटतं आणि दिवस कलल्यावर भिंती ऊब सोडू लागतात. जाड भिंत उष्णता अडवते आणि जी सोडते तीही उशिरा. दंतिन तशीच भिंत आहे. उष्णता स्टीलमधून जितक्या वेगाने पसरते, त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या वेगाने ती दंतिनातून पसरते. म्हणून मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मोजमाप केलं तर सर्वांत जास्त तापमान टोक आत असताना दिसत नाही. ते काढल्यावर काही सेकंदांनी दिसतं. तोवर उष्णता पातळ पसरलेली असते.

पण भिंतीच्या जाडीचा हिशेब सरळ नाही, वर्गाचा आहे. जाडी निम्मी झाली तर उष्णतेला पलीकडे जायला निम्मा नाही, चौथा हिस्सा वेळ पुरतो. ढोबळमानाने, दोन मिलिमीटर दंतिन पार करायला उष्णतेला दहा सेकंद लागत असतील तर एक मिलिमीटरला अडीच सेकंद, आणि अर्ध्या मिलिमीटरला एका सेकंदाहूनही कमी. माझ्या वरच्या पुढच्या दाताचं मूळ गोलसर आणि जाड. तीन सेकंदांची उष्णता त्याच्या भिंतीतच विरून जाते.

खालचे पुढचे चार दात मात्र वेगळे. आरशात पाहिलंत तर ते सगळ्यांत अरुंद दिसतील. त्यांची मुळं चपटी असतात, पुढून मागे रुंद पण शेजारच्या दाताच्या बाजूला पातळ. टोकाकडे तर तिथली भिंत मिलिमीटरभरही राहत नाही, आणि नळी साफ करताना आतून ती आणखी खरवडली जाते. काढलेल्या दातांवरच्या प्रयोगांत सर्वांत जास्त तापमानवाढ वारंवार याच दातांत दिसली आहे, विशेषतः ज्योतीवर तापवलेल्या कांडीने. मला विचाराल तर उष्णतेची खबरदारी खऱ्या अर्थाने घ्यायची ती या चार दातांत. दाढेची भीती लोकांना जास्त वाटते, ती अस्थानी आहे.

हाड किती सोसतं?

हा आकडा दंतवैद्यकातून आलेला नाही, हाडांच्या अभ्यासातून आला आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या नडगीच्या हाडात एक चिमुकली खिडकी बसवली. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने जिवंत हाड आणि त्यातल्या वाहत्या रक्तवाहिन्या दिसत. हाड ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवायचं आणि मग काही आठवडे त्याच खिडकीतून तेच हाड पाहत राहायचं. 1983 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. 50 अंश एक मिनिट किंवा 47 अंश पाच मिनिटं दिलं, तर हाड लगेच ठीक दिसे, पण पुढच्या आठवड्यांत ते शोषलं जाई आणि त्याच्या जागी चरबीच्या पेशी येत. 47 अंश एकच मिनिट दिलं तर इजा कधी होई, कधी होत नसे. तीच सीमारेषा ठरली.

शरीराचं तापमान 37, त्यात दहा मिळवले की 47. तेव्हापासून दंतवैद्यकात नियम आहे की मुळाच्या बाहेरच्या बाजूचं तापमान दहा अंशांहून जास्त वाढू द्यायचं नाही. हा नियम एका मिनिटाच्या उष्णतेवर बेतलेला आहे. रूट कॅनालच्या भरणात उष्णता सेकंदांचीच असते, म्हणून तो सावध बाजूचा आहे, आणि तसाच असावा. कारण भाजलेलं हाड त्या क्षणी काही सांगत नाही. तंतूंचं अस्तर मेलं तर दात हाडाला थेट चिकटू शकतो किंवा मूळ बाहेरून झिजू लागतं, आणि हे कळतं ते महिन्यांनी, एक्स-रेमध्ये.

गर जिवंत असलेल्या दाताचं गणित आणखी नाजूक असतं. झॅक आणि कोहेन यांनी 1965 मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात गराचं तापमान जेमतेम साडेपाच अंशांनी वाढल्यावर सुमारे 15 टक्के दातांचा गर सावरला नाही. दाढेत चांदी किंवा सिमेंट भरण्याआधी ड्रिल फिरताना तोंडात पाण्याचा फवारा उडत असतो, तो त्यासाठीच.

चौकट : तापमानाची शिडी (अंश सेल्सिअस)

37 : शरीराचं तापमान
42 ते 49 : गट्टा-पर्चाची रचना बदलू लागते
47 : एक मिनिट राहिलं तर हाडाला इजेची सीमा
60 च्या आसपास : गट्टा-पर्चा वाहता होतो, आपण पितो तो गरम चहाही इथेच
100 : पाणी उकळतं
180 : पुरी तळण्याचं तेल
200 : यंत्रावर दिसणारा आकडा, वेळ सुमारे तीन सेकंद

वाहतं रक्त

प्रयोगांतले आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नये. माणसाच्या जबड्यातल्या मुळाला तापमापक चिकटवता येत नाही. म्हणून काढलेले दात घेतात, त्यांच्या मुळावर केसासारख्या तारांचे तापमापक लावतात किंवा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहतात. अशा दाताभोवती रक्त वाहत नसतं. जिवंत जबड्यात मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर आहे आणि त्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. तांब्याभर गरम दूध लवकर निववायचं असेल तर आपण भांडं पाण्यात ठेवतो. पाणी साचलेलं असेल तर तेही कोमट होतं. नळाखाली वाहतं ठेवलं तर दूध झपाट्याने निवतं. अस्तरातलं रक्त हा तो नळ. काढलेल्या दातावर दिसणारी वाढ म्हणूनच प्रत्यक्षाहून जास्त असते.

याचा अर्थ रक्त सगळं सांभाळून घेईल असा नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक पद्धत आली. उलट्या स्क्रूसारखं हत्यार मुळात वेगाने फिरवायचं आणि घर्षणाच्या उष्णतेने गट्टा-पर्चा मऊ करायचा. इथे उष्णतेला घड्याळ नव्हतं, हत्यार फिरत राहील तितकी ती वाढणार. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या दातांवरील प्रयोगात या पद्धतीनंतर काही मुळं झिजलेली आणि काही हाडाला चिकटलेली आढळली. त्या मुळांभोवतीही रक्त वाहतच होतं.

आता हवा पुन्हा बदलते आहे. कॅल्शियम सिलिकेटची नवी सिमेंटं ओलाव्यात घट्ट होतात, घरबांधणीच्या सिमेंटसारखी. जास्त उष्णतेने त्यांतला ओलावा उडतो. म्हणून बरेच डॉक्टर एक काडी आणि भोवती हे सिमेंट अशी थंड पद्धत वापरू लागले आहेत. बाजूबाजूने बारीक काड्या दाबून बसवण्याची जुनी थंड पद्धतही चालूच आहे. थंड पद्धत म्हणजे कमी दर्जाचं काम, असं समजायचं कारण नाही. नळी किती स्वच्छ झाली यावर दाताचं आयुष्य जास्त अवलंबून असतं.

काळजी कुठे घ्यायची?

रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवस चावताना दात दुखला की 'आत भाजलं असेल' अशी शंका अनेकांना येते. ते दुखणं बहुतेक वेळा मुळाच्या टोकाशी झालेल्या हाताळणीचं आणि आधीच्या सुजेचं असतं, आणि ते ओसरतं. तीन सेकंदांच्या टोकाला त्यासाठी दोष देऊ नये.

रुग्णांमध्ये उष्णतेने खरोखर हाड जळाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या बहुतेक भरणाच्या नाहीत. त्या वेगळ्या कामाच्या आहेत. जुन्या रूट कॅनालमध्ये दातावरच्या टोपीला आधार म्हणून कधी धातूचा खिळा बसवलेला असतो. तो काढायला थरथरणारं अल्ट्रासॉनिक हत्यार मिनिटंच्या मिनिटं लावून धरावं लागतं. धातूचा खिळा उष्णता थेट मुळात पोचवतो. पाण्याचा फवारा चालू असेल तर धोका बराच कमी होतो. पण दिसावं म्हणून फवारा बंद ठेवून हत्यार चालवत राहिलं, तर 47 अंश आणि एक मिनिट या दोन्ही सीमा सहज ओलांडल्या जातात. वर भूल दिलेली असल्याने रुग्णाला काही कळत नाही. अशा प्रसंगांत लोकांनी दात गमावले आहेत, आणि त्याच्या भोवतीचं हाडही.

तुमच्या दातातला जुना खिळा काढायचा ठरला असेल, तर काम सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा की पाणी सतत चालू राहील ना आणि मध्ये मध्ये थांबणार ना. हा प्रश्न कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना खटकत नाही. आणि खुर्चीत असताना हत्यार चालू आहे पण तोंडात पाणी येत नाही असं जाणवलं, तर हात वर करा.